टॅब्लेटला डायनॅमिक माइक जोडायचा? आधी एका ट्रान्झिस्टरचा प्रीअँप बांधा

स्टेजवरचा डायनॅमिक माइक (चुंबकात हलणाऱ्या कॉइलचा) घेतला, वायरीच्या टोकाला हेडसेटसारखा चार भागांचा जॅक लावला आणि टॅब्लेटमध्ये खोचला, की बहुधा तीनपैकी एक प्रकार होतो. एक तर टॅब्लेट माइक ओळखतच नाही आणि स्वतःच्या आतल्या माइकवरून रेकॉर्डिंग करत राहतो. किंवा आवाजाची पट्टी आपोआप वर-खाली होते, गाणं थांबतं, व्हॉइस असिस्टंट उघडतो. किंवा आवाज येतो, पण इतका बारीक की तो ऐकण्याजोगा वाढवेपर्यंत मागचा सूंऽऽ त्याच्या डोक्यावर बसतो.

पहिल्या दोन प्रकारांचं कारण एक आहे, तिसऱ्याचं वेगळं.

टॅब्लेटचा माइकचा काटा (सॉकेटमधली माइकची पट्टी) हेडसेटमधल्या इलेक्ट्रेट कॅप्सूलसाठी, म्हणजे बाहेरून वीज लागणाऱ्या चिमुकल्या माइकसाठी, बनवलेला असतो. त्या काट्यावर टॅब्लेट स्वतः वीज देतो. अँड्रॉइडच्या हेडसेट प्रमाणकाप्रमाणे ती १.८ ते २.९ व्होल्ट असते आणि २.२ किलोओमच्या रेझिस्टरमधून येते. समोर १००० ओम किंवा त्याहून जास्त रोध दिसला तर टॅब्लेट म्हणतो 'माइक आहे'. त्याहून कमी दिसला तर तो हेडसेटवरचं बटण समजतो : शून्य ओम म्हणजे थांबा-चालू, १३५ ओम म्हणजे व्हॉइस असिस्टंट, २४० म्हणजे आवाज वाढवा, ४७० म्हणजे कमी करा. डायनॅमिक माइकची कॉइल काहीशे ओमांची, त्यामुळे ती नेमकी या बटणांच्या पट्ट्यात सापडते. शिवाय कॉइलमधून सतत एक मिलिअँपिअरच्या आसपास डीसी करंट जात राहतो. त्यानं माइक जळत नाही, पण पडदा जागेवरून किंचित सरकलेला राहतो, आणि आत ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या गाभ्यालाही ते मानवत नाही.

तिसरा प्रकार पातळीचा. शुअर एसएम ५८ हा माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. जाळीपासून चार-पाच सेंटिमीटरवर मोकळ्या आवाजात बोललं की साधारण इतकी पातळी मिळते. एसएम ७बी त्याहून मंद, १.१२ मिलिव्होल्ट. इलेक्ट्रेट कॅप्सूल तेवढ्याच आवाजाला सहा-आठ मिलिव्होल्ट देते, आणि टॅब्लेटच्या आतला अँप्लिफायर त्या हिशेबानं बेतलेला असतो. नुसत्या बरोबरीला चार ते सहा पट पुरे, पण टॅब्लेटच्या स्वतःच्या सूंऽऽच्या वर राहायला प्रीअँपनं, म्हणजे टॅब्लेटच्या आधी बसणाऱ्या छोट्या अँप्लिफायरनं, सिग्नल पंधरा ते तीस पट वाढवायला हवा. तो वाढवताना नवा आवाज मिसळू न देणं, एवढंच या कामातलं कसब.

हिस कुठून येतो

कोणताही रोध खोलीच्या तापमानाला स्वतःचा थोडा आवाज करतोच; मागचा सूंऽऽ, म्हणजे हिस, तो हाच. २०० ओमच्या माइकचा हा आवाज २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ०.२६ मायक्रोव्होल्ट भरतो. त्याच्याखाली कोणालाच जाता येत नाही. आता एखाद्या तयार किटमध्ये माइकच्या वाटेत १० किलोओमचा रेझिस्टर आडवा बसवलेला असतो. त्या एकट्याचा आवाज १.८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे माइकच्या सातपट. मग पुढे कितीही भारी आयसी (अँप्लिफायरची चिप) लावा, काम आधीच बिघडलेलं असतं. टीएल ०७२ ही ऑडिओतली लाडकी आयसी, पण तिचा आवाज अडीच मायक्रोव्होल्टच्या घरात जातो, कारण ती गिटार पिकअपसारख्या मोठ्या रोधाच्या स्रोतांसाठी बरी. डायनॅमिक माइकला तिचा उपयोग नाही.

इतक्या कमी रोधाच्या स्रोताला साधा बायपोलर ट्रान्झिस्टर (कलेक्टर, बेस, एमिटर अशा तीन पायांचा) फार छान जमतो. अर्ध्या मिलिअँपिअरवर चालवला आणि माइकच्या वाटेत रेझिस्टर घातला नाही, तर पूर्ण सर्किटचा आवाज माइकच्या स्वतःच्या आवाजापेक्षा दोन-तीन डेसिबलच जास्त राहतो. प्रसिद्ध एनई ५५३४ ही आयसी याच कामात त्याच्या मागे पडते. आणि गंमत अशी, की ट्रान्झिस्टरला लागणारी वीज आणि कलेक्टरचा रेझिस्टर या दोन्ही गोष्टी टॅब्लेटच्या आत आधीच बसवलेल्या आहेत. बॅटरी लागत नाही.

ट्रान्झिस्टर निवडताना 'लो नॉइज' या शिक्क्यावर जाऊ नका. बीसी ५४९ची ती ख्याती २ किलोओमच्या स्रोतावर मोजलेली आहे. २०० ओमच्या माइकला बेसच्या आतला छुपा रोध जास्त नडतो, आणि तो बीसी ३३७सारख्या थोड्या जाड पठडीतल्या ट्रान्झिस्टरात कमी असतो. म्हणून इथे बीसी ३३७-४० घेतला आहे. शेवटच्या ४० ला महत्त्व आहे, कारण तो जास्त गेनचा (किती पट वाढवतो त्याचा) गट. तो नाही मिळाला तर बीसी ५४९सी चालेल, फक्त एक रेझिस्टर बदलावा लागेल.

काय काय लागेल

- बीसी ३३७-४० ट्रान्झिस्टर, दोन घ्या, एक जळतोच
- रेझिस्टर पाव वॉट, मेटल फिल्म : ४७ ओम, २२० किलोओम, १० किलोओम, आणि चाचणीसाठी २.२ किलोओम व २२० ओम
- १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर, चौकोनी डबीचा, ६३ व्होल्ट
- १ नॅनोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर, दोन नग
- फेराइट मणी एक
- माइकसाठी तीन पिनांचा एक्सएलआर फीमेल सॉकेट; माइकची वायर जाड जॅकची असेल तर ६.३५ मिमीचा सॉकेट
- ३.५ मिमीचा चार भागांचा जॅक, किंवा टाकून दिलेल्या हेडसेटची वायर
- पत्र्याची छोटी डबी आणि व्हेरोबोर्डचा (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डाचा) तुकडा

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. जॅक मात्र स्वस्तातला घेऊ नका. त्याच्या आतलं प्लॅस्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेनं विरघळतं आणि दोन कड्या आतल्या आत चिकटतात.

कार्बन रेझिस्टर घरात पडलेले असतील तर २२० किलोओमला तरी ते वापरू नका. त्यातून सतत करंट वाहत असतो, आणि अशा ठिकाणी कार्बन जास्तीचा आवाज करतो.

जोडणी

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले तर बीसी ३३७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. बीसी ५४९चेही तसेच. २एन ३९०४ वापरायचा मोह झाला तर त्याचे पाय उलट्या क्रमानं आहेत, हे ध्यानात ठेवा.

कलेक्टर थेट टॅब्लेटच्या माइकच्या काट्याला जातो. एमिटरपासून ४७ ओम, तिथून ग्राउंड. कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये २२० किलोओम. यातून ट्रान्झिस्टर स्वतःची बैठक, म्हणजे कामाचा व्होल्टेज आणि करंट, स्वतः सांभाळतो : गरम झाला, करंट वाढला, की कलेक्टरचा व्होल्टेज उतरतो आणि बेसचा करंट आपोआप कमी होतो. बीसी ५४९सी असेल तर इथे ३३० किलोओम.

माइककडून येताना एक्सएलआरची २ नंबरची पिन फेराइट मण्यातून ओवून १ मायक्रोफॅरडच्या एका पायाला आणा, दुसरा पाय बेसला. ३ नंबरची आणि १ नंबरची पिन एकत्र करून ग्राउंडला. २ आणि ३ या पिनांमध्ये १० किलोओम टाका. बऱ्याच माइकांना चालू-बंदचं बटण असतं. काही माइकांत ते वायर उघडी सोडतं, आणि उघडा बेस घरातला सगळा गुणगुणाट गोळा करतो. हा रेझिस्टर त्याला आवरतो, शिवाय माइक लावता-काढताना होणारा धप्प आवाजही कमी करतो.

राहिले दोन १ नॅनोफॅरड. एक बेस आणि एमिटरच्या मध्ये, अगदी ट्रान्झिस्टरच्या पायांना चिकटून. दुसरा कलेक्टर आणि ग्राउंडच्या मध्ये, जॅकच्या वायरी जिथे येतात तिथे. यांना हलक्यात घेऊ नका. टॅब्लेटचा वाय-फाय आणि बाजूचा मोबाइल वायरीतून रेडिओ लहरी आत ढकलतात, आणि बेस-एमिटरचा जोड त्यांचं आवाजात रूपांतर करायला टपलेला असतो. जुन्या टूजी फोनचा जो टर्र-टर्र आवाज स्पीकरमध्ये यायचा, तो अशाच मार्गानं येतो. तो फोन सेकंदाला २१७ वेळा रेडिओ लहरींचे झटके सोडतो म्हणून तो कानाला इतका स्पष्ट कळतो. बऱ्याच सर्किटांत हे थोपवायला बेसच्या वाटेत १०० ओम ते १ किलोओमचा रेझिस्टर घातलेला दिसतो. तो लहरी अडवतो खरा, पण हिस वाढवतो. फेराइट मणी ते काम फुकटात करतो.

इनपुटचा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडच का, हेही बघून ठेवा. मोठा १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावला तर खालचे सूर थोडे अधिक मिळतील, पण तो २२० किलोओममधून भरेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातो. तेवढा वेळ ट्रान्झिस्टर बंद असतो, टॅब्लेटला माइकच्या काट्यावर काहीच दिसत नाही आणि काही टॅब्लेट तेवढ्यात 'हा नुसता हेडफोन' असा निकाल देऊन मोकळे होतात. १ मायक्रोफॅरडला हा वेळ दहावा हिस्सा लागतो, आणि आवाज साधारण २३ हर्ट्झपासून पुढे पूर्ण मिळतो. माणसाच्या गळ्याला तेवढं पुरे. सिरॅमिक १ मायक्रोफॅरड मात्र इथे नको. तो टिचकी मारली की स्वतःच माइकसारखा वाजतो.

जॅकचं टोक

जॅकचे चार भाग : टोक, पहिली कडी, दुसरी कडी, बूड. आजच्या बहुतेक टॅब्लेटांत सीटीआयए पद्धत आहे : टोक डावा कान, पहिली कडी उजवा कान, दुसरी कडी ग्राउंड, बूड माइक. जुन्या काही उपकरणांत ओएमटीपी पद्धत असायची, तिच्यात दुसरी कडी आणि बूड यांची अदलाबदल असते.

सोल्डर करताना जॅक एखाद्या निकामी सॉकेटमध्ये खोचून ठेवा. सॉकेट उष्णता ओढून घेतो आणि प्लॅस्टिक मऊ झालं तरी कड्या जागच्या हलत नाहीत. हेडसेटची वायर वापरणार असाल तर आतल्या तारांवर रंगीत लाखेचा मुलामा असतो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर ताजं सोल्डर घेऊन त्यात तार चार-पाच सेकंद बुडवली की मुलामा जळतो आणि कथील धरतं. रंगांवर विसंबू नका. कंपनीगणिक ते बदलतात, म्हणून मल्टिमीटरच्या बीपवर प्रत्येक तार कोणत्या कडीला जाते ते पाहूनच जोडा.

टोक आणि पहिली कडी एका हेडफोन सॉकेटला नेलीत तर ऐकत-ऐकत रेकॉर्डिंग करता येतं. मात्र हेडफोनची ग्राउंड तार आणि माइकची ग्राउंड तार जॅकपर्यंत वेगवेगळ्या न्या, दोन्ही दुसऱ्या कडीलाच येऊन मिळाल्या पाहिजेत. मध्येच एक केल्या तर हेडफोनचा करंट माइकच्या ग्राउंडमधून वाहतो आणि ट्रॅकवर मागच्या गाण्याची सावली पडते. कराओकेवाल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा माइकला दिला जातो.

टॅब्लेटला गोल सॉकेटच नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल. त्यात माइकची सोय आहे असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण बाजारात नुसते हेडफोनचे डोंगलही भरपूर आहेत. माइकवाला डोंगल वीजही स्वतःच पुरवतो, सर्किट तसंच चालतं.

डबी पत्र्याची का, तर प्लॅस्टिकच्या डबीत बोट जवळ नेलं तरी घूं वाढतो. पत्रा ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा, एक्सएलआरच्या १ नंबर पिनजवळ. सर्किट इतकं छोटं आहे की ते एक्सएलआरच्या कवचातही मावतं. तसं बसवलं तर उत्तमच, कारण वाढवलेला सिग्नल मग वायरीतून जातो. डबी वेगळी ठेवणार असाल तर माइकची वायर तीन मीटरपेक्षा लांब नको. ३ नंबरची पिन ग्राउंडला जोडल्यानं बॅलन्स्ड वायरीचा (सिग्नलच्या दोन तारा ग्राउंडपासून वेगळ्या ठेवणाऱ्या) घूं मारण्याचा गुण आपण सोडून दिलेला आहे.

टॅब्लेटला लावण्याआधी

पेन्सिल सेल दोन घ्या, म्हणजे ३ व्होल्ट. धन टोकापासून २.२ किलोओम, त्याचं दुसरं टोक कलेक्टरला, ऋण टोक ग्राउंडला. हा झाला नकली टॅब्लेट. कलेक्टर ते ग्राउंड व्होल्टेज मोजा. १ ते १.३ व्होल्ट आला तर बैठक बरोबर. ३ च्या जवळ असेल तर ट्रान्झिस्टर चालूच नाही : पाय उलटे, किंवा २२० किलोओमचा सांधा कच्चा. ०.२ च्या खाली असेल तर कुठे तरी सोल्डरचा पूल झालाय, बहुधा व्हेरोबोर्डच्या पट्टीवर. ०.६ ते ०.७ वर अडकला असेल तर कलेक्टर आणि बेस एकमेकांना टेकलेत, किंवा २२० किलोओमच्या जागी २.२ किलोओम बसलाय. रंगपट्ट्या पुन्हा वाचा.

मग टॅब्लेटचीही परीक्षा घ्या. बूड आणि दुसरी कडी यांच्यामध्ये नुसता २.२ किलोओम लावून जॅक खोचा आणि रेकॉर्डरचं ॲप चालू करा. रेझिस्टरवर ०.९ ते १.४५ व्होल्ट दिसायला हवा. ॲप चालू केल्याशिवाय मोजू नका, कारण बरेच टॅब्लेट वीज वाचवायला रेकॉर्डिंग नसताना हा पुरवठा बंद ठेवतात. मीटरचं लाल टोक बुडाकडे असताना आकडा उणे आला तर ओएमटीपीचा संशय घ्या.

सगळं जुळलं की प्रीअँप लावा. टॅब्लेटवर कलेक्टरला ०.९ ते १.१ व्होल्ट आणि करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास पडेल, म्हणजे टॅब्लेटला सुमारे १.७ किलोओमचा 'माइक' दिसेल. बटणांच्या पट्ट्यापासून तो सुरक्षित अंतरावर आहे.

गेन बदलायचा तर

एमिटरचा ४७ ओम हाच गेनचा खुंटा. ४७ ला गेन सुमारे २४ पट येतो. हळू बोलणाऱ्याला किंवा एसएम ७बीसारख्या मंद माइकला २२ ओम लावा, ३२ पट मिळेल. मोकळ्या गळ्यानं गाणाऱ्याला १०० ओम, १५ पट. २२० ओमला आठ पट. हा रोध मुळीच नसेल तर गेन आणखी वाढतो, पण एकट्या ट्रान्झिस्टरला मोठा सिग्नल सरळ वाढवता येत नाही. १० मिलिव्होल्टच्या टोकाला विकृती दहा टक्क्यांच्या घरात जाते आणि आवाज फाटका, कर्ण्यातून आल्यासारखा लागतो. ४७ ओमला तीच अडीच टक्क्यांवर येते, १०० ओमला एकवर. बदल्यात त्या रोधाचा स्वतःचा थोडा हिस येतो. बोलण्यासाठी ४७, गाण्यासाठी १०० हा तोडगा बहुतेकांना पटेल. गुंडीचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवून इथे गेन फिरवता येईल असं वाटतं, पण त्यातून डीसी वाहतो आणि फिरवताना खरखरतो. त्यापेक्षा दोन रेझिस्टर आणि एक छोटा स्विच बरा.

तबला, ढोलकी, पखवाज यांच्यासमोर माइक टेकवायचा असेल तर गोष्टच वेगळी. तिथे माइक पन्नास मिलिव्होल्टांपर्यंत सहज जातो आणि २२० ओमही पुरत नाही. २ नंबरच्या पिनीनंतर १ किलोओम सिरीजमध्ये आणि त्यापुढे १०० ओम ग्राउंडला टाका. सिग्नल सुमारे वीस डेसिबल खाली येईल. हिस वाढेल, पण थापेखाली तो कुणाला ऐकू येणार?

हिस अजून येतोय?

दोष प्रीअँपचा की टॅब्लेटचा हे ओळखायला साधी युक्ती आहे. माइक काढा आणि २ व ३ पिनांमध्ये २२० ओमचा रेझिस्टर टाकून दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग त्याच जागी तारेनं शॉर्ट करून पुन्हा दहा सेकंद. दोन्ही हेडफोनवर ऐका. शॉर्ट केल्यावर हिस दोन-चार डेसिबलनं उतरला, तर प्रीअँप आपलं काम चोख करतोय आणि उरलेला आवाज माइकच्या रोधाचा आहे. त्यावर इलाज नाही, माइक जवळ घ्या. दोन्हींत काहीच फरक नसेल तर हिस टॅब्लेटचा आहे. बहुतेक वेळा तो त्या १.८-२.९ व्होल्टच्या पुरवठ्यातूनच येतो, कारण या सर्किटमध्ये तो पुरवठा थेट आउटपुटवर स्वार असतो.

अशा टॅब्लेटसाठी बॅटरीवर चालणारा एनई ५५३४चा प्रीअँप बांधा. ९ व्होल्टचं धन टोक ७ नंबर पायाला, ऋण टोक ४ नंबरला आणि ग्राउंडला, या दोन्हींमध्ये आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरड आणि शेजारी १०० मायक्रोफॅरड. दोन १० किलोओमनी बॅटरीचा अर्धा व्होल्टेज बनवा, मध्यबिंदूला १०० मायक्रोफॅरडचा आधार द्या आणि तिथून आणखी एका १० किलोओमनं ३ नंबर पायाला जोडा. माइक १० मायक्रोफॅरडमधून ३ नंबरला, कपॅसिटरचं धन टोक आयसीकडे. ६ पासून २ पर्यंत २.२ किलोओम आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरड; २ पासून ४७ ओम आणि पुढे २२० मायक्रोफॅरड ग्राउंडला, धन टोक ४७ ओमकडे. ५ आणि ८ पायांमध्ये २२ पिकोफॅरड विसरलात तर आयसी ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात शिट्टी मारत बसेल आणि बॅटरी भराभर संपेल.

इथेही सगळा खेळ त्या ४७ ओमचा. गेन ४८ पट मिळवायला ४७ किलोओम आणि १ किलोओमही चालले असते, पण १ किलोओम स्वतःच आयसीपेक्षा जास्त आवाज करतो.

आउटपुटला ६ पासून १० मायक्रोफॅरड, धन टोक आयसीकडे, मग १ किलोओम, मग १० किलोओमचा प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा बदलता रेझिस्टर), मग जॅकचं बूड. आणि बूड ते ग्राउंड २.२ किलोओम. हा शेवटचा रेझिस्टर टॅब्लेटला 'माइक' म्हणून दिसतो, प्रीअँप बंद असला तरी. तो टॅब्लेटच्या पुरवठ्याचा हिसही जवळपास निम्मा करतो. प्रीसेट जितका कमी फिरवावा लागेल तितकं बरं. आयसी चार-पाच मिलिअँपिअर खाते. अल्कलाइन बॅटरी शंभर तासांच्या आसपास टिकते. चालू करताना धप्प येतो, हेडफोन कानात घालण्याआधी स्विच दाबा.

घूं, आणि बाकीचे त्रास

माइकच्या जाळीला हात लावला की घूं बदलतो? चार्जर काढा. दोन पिनांच्या चार्जरमधून मुख्य विजेचा बारीकसा गळका करंट टॅब्लेटच्या ग्राउंडवर येत असतो आणि तो माइकच्या वायरीतून वाट शोधतो. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, एवढाच खात्रीचा उपाय. चार्जर काढूनही घूं असेल तर माइक हातात धरून फिरवा. एखाद्या दिशेला तो खूप कमी झाला, तर जवळपासचा ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर किंवा पंख्याचा रेग्युलेटर कॉइलला थेट चुंबकीय घूं देतोय; अंतर वाढवा.

माइक ओळखला जातो, पण कधीकधीच. जॅक खोचताना प्रत्येक वेळी वेगळं होतं. अशा वेळी बूड आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४.७ किलोओम टाकून बघा. ट्रान्झिस्टर जागा होण्याआधीच टॅब्लेटला काही तरी दिसतं आणि तो थांबतो. गेन जवळपास एक तृतीयांशानं कमी होईल, तो एमिटरचा रोध उतरवून भरून काढा.

बोलणं थांबताच पाठीमागच्या पंख्याचा आवाज हळूहळू वर येतो, बोललं की दबतो, हा प्रकार सर्किटचा नाही. टॅब्लेटचा ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन हे उद्योग करतात. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये ते सहसा बंद होत नाहीत. रेकॉर्डिंगसाठी असं ॲप घ्या ज्यात इनपुटचा स्रोत निवडता येतो. अँड्रॉइड ७ पासून 'अनप्रोसेस्ड' असा स्रोत उपलब्ध आहे, तो टॅब्लेटनं दिला नसेल तर 'व्हॉइस रेकग्निशन' निवडा. मग सगळ्यात जोरात म्हणायची ओळ म्हणून घ्या आणि मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा एमिटरचा रोध ठरवा. रेकॉर्डिंग मोनो येईल, कारण हेडसेटच्या वाटेला माइकची तार एकच आहे; दोन माइक हवे असतील तर दोन प्रीअँप एका टॅब्लेटला लावून जमणार नाही, यूएसबी इंटरफेसकडे वळावं लागेल.